झिको झाला!

मार्चमधली दुपार. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या अशा तापलेल्या, की खाली पेपरची घडी घेतल्याशिवाय बसवत नव्हतं. सामना एक-एक बरोबरीत, शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरलेली. एका संघानं बदली खेळाडू आत घेतला. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, जर्सी अंगावर सैल, मोजे पुन:पुन्हा वर ओढणारं. ते आत येऊन चार मिनिटं झाली असतील-नसतील, तोवर त्याच्या संघाला पेनल्टी मिळाली आणि चेंडू काखेत मारून हाच पुढं झाला. का, कुणास ठाऊक. मुरलेले गडी कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. पोरानं धाव घेतली, मारला, आणि चेंडू गोलीच्या पायावर. त्यानंतर पायऱ्यांवरून जे काही बोललं गेलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगता येणार नाही. माझ्या मागच्या पायरीवर डोक्याला रुमाल बांधलेला, माझ्याच वयाचा एक गृहस्थ ओरडला, "झिको झाला की रं ह्येचा!" आमच्या पिढीचे चार-पाच जण खदखदून हसले. मीही हसलो.

शेजारच्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, "काका, झिको म्हणजे काय?"

'कोण' नाही. 'काय'. आणि मी म्हणालो, "पेनल्टी हुकली की म्हणतात तसं." त्यानं मान डोलावली आणि परत मोबाईलमध्ये तोंड घातलं. सामना टायब्रेकरला, म्हणजे बरोबरी मोडायच्या पेनल्ट्यांवर, जाणार असं दिसत होतं. गर्दीत गाडी अडकायला नको म्हणून मी पाच मिनिटं आधीच उठलो. पण दाताच्या फटीत बडीशेपेचा दाणा अडकावा तसं ते उत्तर घरापर्यंत माझ्यासोबत आलं. ब्राझीलच्या झिकोची, एकट्या फ्लामेंगो क्लबसाठी पाचशेहून जास्त गोल करणाऱ्या माणसाची, मी अर्ध्या वाक्यात वासलात लावली होती.

ही म्हण आमच्या गल्लीत जन्मली असं मी छातीठोकपणे सांगतो. इतर गल्ल्यांचाही तसाच दावा असेल, असू दे. २१ जून १९८६ ची रात्र. वर्ल्ड कप, ब्राझील विरुद्ध फ्रान्स. ग्वादालाहाराला भर दुपार होती आणि आमच्याकडे साडेअकरा वाजून गेलेले, बाहेर पाऊस. गल्लीत दोनच टीव्ही, त्यातला एक टेलरमामांच्या दुकानात. कापड बेतायच्या टेबलावर तो काळा-पांढरा सेट मांडलेला, समोर आम्ही वीस-पंचवीस जण. मशीनच्या तेलाचा, नव्या टेरीकॉटचा आणि ओल्या रेनकोटांचा मिळून एक वास होता, तो अजून कधी एखाद्या शिंप्याकडं गेलो की मला सरळ जादा वेळेत नेऊन सोडतो. मामा आमच्या तालमीच्या चड्ड्या शिवायचे. त्या वर्षी त्यांनी ब्राझीलचा झेंडाही शिवला होता. हिरवा, पिवळा, मध्ये निळा गोल. गोलावरची अक्षरं मात्र त्यांनी सोडून दिली होती, 'एवढं बारीक कोण बघतंय' म्हणून.

ब्राझीलच्या कारेकाचा गोल झाला तेव्हा मामा काजं करत होते. फ्रान्सच्या प्लातिनीनं बरोबरी केली तेव्हाही काजंच. उत्तरार्धात झिको बदली म्हणून आला, आल्या आल्या त्यानं ब्रांकोला असा पास दिला की फ्रान्सचा गोली बॅट्स याला त्याला पाडण्यावाचून इलाज उरला नाही, आणि पेनल्टी. मामांनी सुई थांबवली. "आरं, आत्ता आलाय त्यो. पाय तरी गरम झाल्यात का त्येचं? त्याला कशाला देतायसा?" आम्ही त्यांना गप्प केलं. खरं म्हणजे ते बरोबर होते. आधीच्या सामन्यात पोलंडविरुद्ध सॉक्रेटिस आणि कारेका, दोघांनीही पेनल्टीवर गोल केले होते. पण दहा नंबरची जर्सी चेंडूकडं चालत निघाली की तिला अडवणार कोण? बॅट्सनं अडवली. पुढं जादा वेळ, टायब्रेकर, आणि ब्राझील बाहेर. मामांनी उठून टीव्हीचं बटण फिरवलं, पडद्यावरचा पांढरा ठिपका बारीक होत गेला, आणि ते म्हणाले, "झिको झाला आपला." त्या पावसाळ्यापासून आमच्याकडं लाईट गेली की झिको, दहावीत गणित राहिलं की झिको. बघायला आलेल्यांनी मुलीला नकार दिला तेव्हाही एकदा कुणीतरी म्हणालं आणि मार खाता खाता वाचलं.

आता एक गंमत. कित्येक वर्षांनी, घरात इंटरनेट आल्यावर, मी तो सामना परत पाहिला. टायब्रेकरमध्ये ब्राझीलची तिसरी किक कोण घेतो? झिको. जेमतेम तासाभरापूर्वी सगळ्या जगादेखत हुकवलेला माणूस पुन्हा त्याच ठिपक्याकडं चालत जातो, चेंडू ठेवतो आणि गोल करतो. हुकवतात ते सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार. पलीकडून खुद्द प्लातिनी बारवरून मारतो. हे सगळं मी त्या रात्री जागून, डोळे ताणून बघितलं होतं. पण माझ्या आठवणीत ती किक नव्हतीच. मनानं ती कापून टाकली होती, जादा झालेल्या कापडासारखी.

कापडावरून आठवलं. झिकोचे वडील शिंपी होते. पोर्तुगालहून रिओला आलेले जुझे आंतुनिस कोइंब्रा. किंतिनो नावाच्या रेल्वेलाइनवरच्या साध्या वस्तीत घर, सहा मुलं, त्यातला हा शेंडेफळ, जन्म ३ मार्च १९५३. नाव आर्थर. लाडानं आर्थरझिन्यो, मग आर्थरझिको, आणि एका चुलतबहिणीनं पुढचं सगळं कापून नुसता झिको ठेवला. बाप फ्लामेंगोवेडा. थोरले भाऊ खेळाडू; एदू तर रिओच्याच 'अमेरिका' नावाच्या क्लबचा नावाजलेला. हा मात्र काडीपैलवान. फ्लामेंगोनं त्याला घेतलं ते खाऊ-पिऊ घालून, व्यायामशाळेत कसून, वर्षानुवर्षं खपून अक्षरश: घडवलं. लोक त्याला 'किंतिनोचं कोंबडं' म्हणायचे, ते पुढंही सुटलं नाही. आणखी एक भाऊ होता, नांदो. लष्करी राजवटीनं त्याला छळलं, आणि १९७२ च्या ऑलिंपिक संघातून झिकोचं नाव गळलं ते त्यापायीच, असं घरच्यांना कायम वाटत आलं. तेव्हा तो फुटबॉलच सोडायला निघाला होता म्हणतात. टेलरमामांना हे शिंप्याचं सांगायला हवं होतं, पण मला कळलं तेव्हा मामा उरले नव्हते.

रिओचं माराकाना स्टेडियम, दक्षिण अमेरिकेतला लिबर्तादोरेस चषक, १९८१ मध्ये टोकियोत लिव्हरपूलचा तीन-शून्यनं उडवलेला धुव्वा, ही सगळी तारीफ सगळीकडं वाचायला मिळते, ती इथं पुन्हा उतरवत नाही. उदिनेची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. १९८३ मध्ये इटलीतल्या त्या लहानशा गावाच्या क्लबनं झिकोला विकत घेतलं आणि इटालियन महासंघानं आधी परवानगी नाकारली. तेव्हा उदिनेचे लोक फलक घेऊन रस्त्यावर आले: झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो! मुळात सीमेजवळचं गाव, धमकी अगदीच पोकळ नव्हती. आपल्याकडं बेळगावच्या बाजूला सीमेचे फलक पाहत मोठं झालेल्या माणसाला यातली गंमत जरा जास्तच कळते.

पण त्याच्या कारकिर्दीकडं मी परत परत जातो ते दुसऱ्याच कारणानं. या माणसाचं घड्याळाशी काहीतरी जुनं भांडण आहे. १९७८, मार देल प्लाता, त्याचा पहिलाच वर्ल्ड कपचा सामना. स्वीडनशी एक-एक, शेवटचा कॉर्नर. चेंडू हवेत येतो, झिको डोकं लावतो, चेंडू जाळ्यात. पण वेल्सच्या क्लाइव्ह थॉमस या रेफरीनं चेंडू हवेत असतानाच सामना संपल्याची शिट्टी वाजवलेली असते. गोल नाही. कॉर्नर घ्यायला लावायचा आणि तो वाटेत असताना वेळ संपली म्हणायचं, हा हिशेब मला अजून कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. १९८२, बार्सिलोनाचं सारिया स्टेडियम, समोर इटली. नुसती बरोबरी पुरली असती, तरी दोन-तीननं हरले. त्या सामन्यात इटलीच्या जेंतिलेनं धरून ओढल्यावर शिंप्याच्या पोराची जर्सी टर्रकन फाटली. त्यानं ती रेफरीला दाखवली आणि फाटकी लोंबकळवत पुढं खेळत राहिला. १९८५ च्या ऑगस्टमध्ये बांगू क्लबच्या एका बचावपटूनं त्याच्या गुडघ्याची वाट लावली. म्हणजे ८६ च्या त्या पावसाळी रात्री मामांनी जे विचारलं होतं, पाय गरम झालेत का, त्याचं उत्तर आम्हाला वाटत होतं त्याहून बरंच वाईट होतं.

इथं बहुतेकांच्या गोष्टी संपतात. निरोपाचा सामना, पुतळा, टीव्हीवरची तज्ज्ञगिरी. झिकोनं १९९० मध्ये माराकानावर निरोप घेतला, वर्षभर सरकारात क्रीडा खातं सांभाळलं, आणि १९९१ मध्ये, अडतीस वर्षांचा असताना, बूट बांधून जपानमध्ये काशिमाला गेला. पॅसिफिकच्या काठचं पोलाद कारखान्याचं गाव. सुमितोमो मेटल्सच्या कामगारांचा दुसऱ्या श्रेणीतला संघ. दोन वर्षांत त्याच संघाचे काशिमा अँटलर्स झाले, आणि जे लीगच्या पहिल्या मोसमातल्या त्यांच्या पहिल्याच सामन्यात, १६ मे १९९३ ला, नागोयाला पाच-शून्य. त्यातले तीन गोल चाळिशीतल्या झिकोचे. तिथं आजही 'झिकोची शिकवण' म्हणून तीन शब्द मानतात: निष्ठा, प्रामाणिकपणा, आदर. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे.

आणि याच आदराच्या पुतळ्यानं १९९४ च्या जानेवारीत, विजेतेपदाच्या लढतीत, वेर्दी कावासाकीला पेनल्टी मिळाल्यावर काय केलं? त्यांचा मिउरा किक घ्यायला तयार उभा असताना हा चेंडूपाशी गेला आणि थुंकला. दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. मी ती चित्रफीत बघितली तेव्हा पहिल्यांदा ओशाळलो, मग मनातल्या मनात, सांगायला लाज वाटते, पण जरा बरं वाटलं. पेनल्टी या गोष्टीवर थुंकायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो यालाच. जपानी लोकांनीही त्याला माफ केलं असावं, कारण २००२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघच त्याच्या हाती दिला.

कोच म्हणून तो कसा होता, यावर आमच्या कट्ट्यावर अजून एकमत नाही. माझं मत विचाराल तर तो शिकवणारा नव्हता, विश्वास टाकणारा होता. आणि नुसता विश्वास टाकून शेवटची दहा मिनिटं निघत नाहीत. २००४ चा आशिया कप त्यानं बीजिंगमध्ये चीनला हरवून जिंकला. त्याच वर्षी तो पहिल्यांदा आपल्या वाट्याला आला: सैतामात भारताला सात-शून्य आणि सप्टेंबरमध्ये सॉल्ट लेकवर चार-शून्य. कोलकात्यात मध्यंतराला दिवे गेले. जपानचा संघ, झिको, आणि अंधारातलं स्टेडियम. टीव्हीसमोर मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "झिको झाला," आणि बायकोनं आतून विचारलं, "आता काय झालं?"

मग १२ जून २००६, कायझरस्लाउटर्न. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपान एक-शून्यनं पुढं. ऑफिसातून येऊन मी पोहे खात बघत होतो. चौऱ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत पुढं, आणि सामना संपला तेव्हा एक-तीन. आठ मिनिटांत तीन गोल. ताटलीतले पोहे तसेच गार झाले. त्यानंतर तो तुर्कस्तानात फेनरबाचे क्लबकडं गेला, क्लबच्या शंभराव्या वर्षी त्यांना विजेता केलं, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. पुढचा प्रवास मात्र एखाद्या बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखा: ताश्कंद, मॉस्को, पिरेयस, इराक, कतार. इराकचा तर तो अशा काळात कोच होता, की 'घरचे' सामने दोह्यात खेळावे लागायचे. पैसे थकले म्हणून शेवटी सोडून निघाला. पेले कधी या वाटेला गेला नाही. झिकोला ताश्कंदच्या बर्फात कुणी ढकललं होतं? पैसा म्हणा, हौस म्हणा. मला वाटतं, त्याला बाकावर बसून का होईना, त्या शेवटच्या मिनिटांच्या जवळपास राहायचं होतं.

आणि २०१४ मध्ये तो मडगावला आला.

बातमी वाचून आधी मला चेष्टा वाटली. माझ्या ऑफिसातला एक मडगावकर सहकारी सांगायचा, की त्याची नव्वदीतली आजी टीव्हीवर झिकोची मुलाखत लागली की दुभाष्याला गप्प करायची. तिला पोर्तुगीज येत होती, जुन्या शाळेतली. ती म्हणायची, आमचे लिस्बनवाले शब्द गिळायचे, हा गातो. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की आयुष्याच्या शेवटी कुणीतरी परत तिच्या भाषेत बोलायला आलंय. पहिल्या मोसमात त्याचा संघ एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या, उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला. दोन्ही सामने गोलशून्य, आणि मग काय? पेनल्टी. त्याच सुमारास रोमिओ फर्नांडिस गोव्याहून ब्राझीलला, अथलेटिको परानाएन्सेकडं खेळायला गेला. दुसऱ्या मोसमात संघ असा काही उधळला, की मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबईला सात-शून्य. गुणतक्त्यात पहिले. अंतिम सामनाही फातोर्ड्यालाच, २० डिसेंबर २०१५. मी आंबोलीच्या घाटानं एस.टी.नं गेलो, पोटातलं सगळं घाटात ठेवून.

स्टेडियमबाहेर रस ऑम्लेटच्या गाड्या, ढोल, ट्रम्पेट, चर्चमधून थेट आलेल्या वाटाव्यात अशा इस्त्रीच्या फ्रॉकातल्या बायका. आत माझी जागा अशी, की झिको आणि माझ्यामध्ये एका पोलिसाची टोपी. पांढरे केस तेवढे अधूनमधून दिसायचे. उत्तरार्धात चेन्नईला पेनल्टी मिळाली. आमचा गोव्याचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमणीनं ती अडवली, पण परत आलेला चेंडू पेलिसारीनं आत मारला. चार मिनिटांत गोव्याच्या हाओकिपनं बरोबरी केली. पाठोपाठ चेन्नईला आणखी एक पेनल्टी, मेंडोझा, आणि कट्टीमणीनं तीही अडवली! एका अंतिम सामन्यात दोन. शेजारच्या अनोळखी माणसानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस दुखत होतं. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, दोन-एक. मी सिमेंटच्या पायरीवर उभा राहून रडत होतो, कबूल करतो. आणि तेव्हाच पोटात कुठंतरी गार पडलं. कायझरस्लाउटर्नची ती मिनिटं, चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद. मी हे आधी पाहिलं होतं. खाली बाकाकडं बघितलं, टोपीच आडवी आली.

नव्वदाव्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत चेंडू आत गेला, आणि तो नोंदला गेला कट्टीमणीच्या नावावर. स्वयंगोल. माणसं जागच्या जागी उभी होती, काहींचे हात अजून आनंदात वर. दोन मिनिटांनी मेंडोझा. दोन-तीन. सारियासारखंच. ट्रम्पेटवाला तोंडाशी ट्रम्पेट धरून तसाच उभा होता, त्यातून नुसती हवा येत होती. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरचे तिघे जण फोंड्यापर्यंत कट्टीमणीला शिव्या देत होते. दोन अडवलेल्या पेनल्ट्या तासाभरात कुणाच्या लक्षात उरल्या नव्हत्या. मी मागं वळून काही बोललो नाही. पुढच्या वर्षी झिकोचा संघ तळाला गेला. शेवटच्या सामन्यात तेवढं चेन्नईला पाच-चारनं हरवलं, तेही अगदी शेवटच्या क्षणाच्या गोलानं. तो निकाल तर लोकांना शपथेवर सांगावा लागतो. मग तो गेला, आणि दीडेक वर्षानं परत काशिमात दिसला.

२० मार्च २०२२. आयएसएलचा अंतिम सामना, मैदान पुन्हा फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळ, एक-एक, टायब्रेकर. हैदराबादच्या गोलात कट्टीमणी. तेच मैदान. केरळच्या तीन जणांच्या किक त्यानं अडवल्या, त्यातल्या एकाला तर रेफरीनं पुन्हा घ्यायला लावली आणि यानं पुन्हा अडवली. सामना संपल्यावर मी घरात एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो. कुणी ते झिकोला दाखवलं असेल का, हे राहून राहून मनात येत होतं.

तर शाहू स्टेडियमवरचं ते पोरगं. त्या संध्याकाळी सामना खरंच टायब्रेकरला गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात अंतिम गुणसंख्या होती, किक कुणी कुणी घेतल्या ते नव्हतं. मी दूधवाल्याला विचारलं, तो स्टेडियमवर होता. "कोण, त्यो झिको? घालिवली की त्यानं पेनल्टी." म्हटलं, ती नाही रे, नंतर टायब्रेकरला तो होता का? त्यानं किटली खाली ठेवून जरा आठवून पाहिलं. "आसंल बी. ध्यानात न्हाई." पानपट्टीवर विचारलं, तिथंही तेच. रुमालवाले गृहस्थ परवा मंडईत भेटले. कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाले, "तुम्ही हुता की तिथं. तुम्हीच सांगा."